अनशी धाकाचा सण

चैत्र उजाडला कीं आमच्या अकोल्याकडे ऊन रखरखूं लागतें आणि घरोघरीं वाळवणांची गडबड सुरू होते. शेवया होतात, सरगुंडे होतात, पापड होतात; पण खरी परीक्षा कुरडयांची. गहूं तीन दिवस पाण्यांत भिजत ठेवावयाचे, रोज पाणी पालटावयाचें, ते चांगले आंबले म्हणजे वाटून चीक काढावयाचा आणि तो शिजवून सोऱ्यानें उन्हांत घालावयाचा. त्या तीन दिवसांत घरभर एक आंबूस वास भरून राहिलेला असतो. श्रोतेहो, नेमक्या ह्याच दिवसांत, बहुधा चैत्री पौर्णिमेच्या सुमारास, महाराष्ट्रांतीलच मराठी बोलणाऱ्या कांहीं घरांतून अगदीं उलट प्रकार चाललेला असतो. आंबलेल्या गव्हाचा कणसुद्धां घरांत उरूं नये म्हणून तेथें फडताळें रिकामीं करितात, डबे झाडतात, कोनाडे पुसतात. आणि आठ दिवस लोटले म्हणजे तेंच स्वयंपाकघर पुन्हां पूर्ववत् लावितात. हीं घरें बेने इस्रायल लोकांचीं, म्हणजे आपल्या कोंकणांतील यहुद्यांचीं. त्यांच्या ह्या सणाला एक जुनें मराठी नांव आहे. त्या नांवाविषयीं आणि त्यांत दडलेल्या एका मडक्याविषयीं मी आज बोलणार आहें.

सणाची मूळ कथा पुष्कळांस ठाऊक असेल. मिसर देशांत दास्यांत पडलेल्या इस्रायल लोकांना मोशेनें बाहेर काढिलें. निघण्याची घाई इतकी कीं भिजविलेलें पीठ फुगण्यासही अवसर मिळाला नाहीं. त्याच्या बेखमीर भाकरी भाजून ते वाटेस लागले. त्या सुटकेची आठवण म्हणून निसान महिन्याच्या पौर्णिमेपासून सात दिवस, आणि इस्रायलच्या भूमीबाहेर राहणाऱ्यांनीं आठ दिवस, खमीर खावयाचें नाहीं, इतकेंच नव्हे तर तें घरांत ठेवावयाचेंही नाहीं, असा दंडक आहे. इब्री भाषेंत ह्या सणाला पेसाह म्हणतात. मराठी बायबलांत त्यालाच वल्हांडण असें नांव आहे. त्यांचे महिने आपल्यासारखेच चंद्रावरून मोजावयाचे, आणि एकोणीस वर्षांत सात अधिक महिने धरून ऋतूंशीं मेळ घालावयाचा. म्हणून निसान आणि आपला चैत्र हे बहुतेक वर्षीं शेजारीं शेजारीं चालतात.

खमीर म्हणजे काय, ह्याविषयीं यहुदी धर्मशास्त्र फार काटेकोर आहे. गहूं, जव आणि त्यांचीं तीन भावंडें अशीं पांचच धान्यें खमिराच्या कक्षेंत येतात. त्यांच्या पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आंत भाकर भाजून निघाली पाहिजे. त्याहून अधिक वेळ पीठ स्वस्थ पडूं दिलें कीं तें खमीर झालें. मग तीन दिवस भिजणाऱ्या आमच्या कुरडयांच्या गव्हाची काय कथा! तांदूळ आणि ज्वारी मात्र ह्या पांचांत नाहींत. युरोपांतील यहुदी सावधगिरी म्हणून तांदूळ आणि कडधान्येंही वर्ज्य करीत आले; बेने इस्रायल तांदूळ खातात. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम आहे.

आतां नांवाकडे वळूं. बेने इस्रायल समाजाची परंपरा अशी कीं, त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर फुटलें आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. त्यांचे धर्मग्रंथ समुद्रानें गिळिले. पुढें ते कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांतील गांवोगांवीं पसरले. दिवे गांवचे दिवेकर झाले, राजपूरचे राजपूरकर, पेणचे पेणकर. त्यांनीं तेलाचे घाणे चालविले आणि शनिवारीं ते बंद ठेविले, म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणूं लागले. इब्री भाषा विसरली, ग्रंथ नव्हते, उपाध्याय नव्हता. तरी सण चालू राहिले. फक्त त्यांचीं नांवें मराठी झालीं. नववर्षाचा तो नव्याचा सण. प्रायश्चित्ताच्या दिवशीं दारें लावून घरांत बसावयाचें म्हणून ती दारफळणी. जेरुसलेमचें मंदिर पडलें त्या शोकदिनीं बिरडें खावयाचें म्हणून तो बिरड्याचा रोजा. आणि मिसरांतून सुटकेचा जो थोर सण, ज्याच्या नांवानें साऱ्या जगांतील यहुदी आपल्या इतिहासाची सुरुवात सांगतात, त्याचें नांव अनशी धाकाचा सण.

ह्या नांवांत मोशे नाहीं, मिसर नाहीं, तांबडा समुद्र नाहीं. अनस म्हणजे आंबट पाण्याचें मडकें, आणि धाकणें म्हणजे झांकणें, असा अर्थ त्या समाजांतील लेखकांनीं नोंदवून ठेविला आहे. तें आंबट पाणी चटणीसारखें तोंडीं लावण्यास घेत. सणाच्या आठ दिवसांत त्या मडक्यावर झांकण पडे; सण संपला कीं झांकण निघे. एवढ्यावरून सणाला नांव पडलें.

मी तीस-पस्तीस वर्षें शाळेंत इतिहास शिकविला. त्यांत शिलालेख होते, ताम्रपट होते, लढाया आणि तह तर होतेच होते. परंतु स्वयंपाकघरांतील मडक्याला पुराव्याचा दर्जा देण्याचा प्रसंग कधीं आला नाहीं. येथें तो देणें भाग आहे, कारण दुसरा पुरावा फारसा नाहीं. नांव तेवढें सांगतें. त्यापुढील माझा तर्क असा. कोंकणांतील जुन्या घरांत गव्हाची पोळी हें रोजचें अन्न नव्हे. रोज भात आणि तांदळाची भाकरी. ही भाकरी उकडीच्या पिठाची, ताज्या ताज्या थापून भाजलेली. तींत खमीर कसलें? तेव्हां खमीर घराबाहेर काढा ही आज्ञा जर त्या घरांतील बाईनें पाळावयाची म्हटली, तर तिनें काढावें तरी काय? धान्याच्या कणग्यांत निषिद्ध असें कांहीं नाहीं, चुलीवर कांहीं नाहीं. साऱ्या घरांत जाणूनबुजून आंबविलेली, दिवसेंदिवस जपलेली वस्तु एकच: तें मडकें. आज्ञेचे शब्द विसरले, तिचें कारण विसरलें, परंतु ह्या दिवसांत आंबलेलें दृष्टीस पडूं द्यावयाचें नाहीं ही खूणगांठ राहिली, आणि ती त्या एका मडक्याला जाऊन चिकटली.

कोणी म्हणेल, शास्त्र तर खमीर टाकून द्या म्हणतें. ह्यांनीं नुसतें झांकून ठेविलें, म्हणजे अर्धवटच पाळलें. मला तसें वाटत नाहीं. एक तर त्या पाण्यांत पांच धान्यांपैकीं कांहीं नसेल तर तें शास्त्रदृष्ट्या खमीरच नव्हे, आणि टाकण्याचें कारणच उरत नाहीं. शिवाय निर्गमाच्या ग्रंथांत आज्ञा आहे ती अशी कीं ह्या दिवसांत खमीर तुमच्याजवळ दिसतां कामा नये. दिसूं न देण्याचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे झांकण. तालमूद नांवाचा यहुद्यांचा जो प्रचंड धर्मग्रंथ आहे, त्यांतही एक बारीक व्यवस्था सांपडते: सणाच्या पवित्र दिवशींच घरांत खमीर आढळलें, तर त्या दिवशीं तें जाळतां येत नाहीं, तेव्हां त्यावर एखादें भांडें पालथें घालून ठेवावें. कोंकणांतील बाईनें तालमूद वाचला नव्हता, आणि त्या दोन गोष्टींचा धागा जोडण्यास मजपाशीं कांहीं आधार नाहीं. परंतु झांकणें हा प्रकार शास्त्राला परका नाहीं, एवढें ह्यावरून खास दिसतें.

त्याहूनही नवलाची गोष्ट आंबट पाण्याची. सुमारें इ. स. २०० मध्यें मिश्ना नांवाची संहिता तयार झाली. तींत पेसाहच्या दिवसांत वर्ज्य करावयाच्या पदार्थांची एक यादी आहे, आणि त्या यादींत पहिलेंच नांव बाबिलोनी कुताह ह्या पदार्थाचें आहे. कुताह म्हणजे काय? दुधाची निवळ, मीठ आणि बुरसलेल्या भाकरीचे तुकडे एकत्र मुरवून केलेलें एक आंबट तोंडीलावणें! मग मेदी लोकांची दारू, मग अदोमी शिरका, आणि शेवटीं लेखनिकांची खळसुद्धां. धर्मशास्त्र लिहिणाऱ्या पंडितांचें लक्ष प्रथम भाकरीकडे नव्हे तर आंबट चटणीच्या भांड्याकडे गेलें, ही गोष्ट स्वयंपाकघर जाणणाऱ्याला पटण्यासारखी आहे. भाकर आज खाल्ली कीं उद्यां उरत नाहीं. मुरवण मात्र वर्षानुवर्षें घरांत बसून असतें. आमच्या घरांतील लोणच्याची बरणी पहा: दादरा बांधलेली, ओल्या हाताची चोरी, पोरांना शिवूं न देण्याची सक्ति. जें घरांत सर्वांत जपलें जातें, त्याच्यावरच निर्बंध सर्वांत आधीं येतो.

आतां सण उतरल्यानंतरची कथा. आठव्या दिवशीं सूर्य मावळून तारे दिसले कीं निर्बंध सुटतो. पण स्वयंपाकघर पूर्वपदावर आणणें हें वाटतें तेवढें सोपें काम नव्हे, आणि शास्त्रकारांनींही तें सोपें ठेविलें नाहीं. पहिला प्रश्न मालकीचा. सणाच्या काळांत जें खमीर यहुद्याच्या मालकीचें होतें, तें सणानंतरही त्याला चालत नाहीं. परधर्मीयाच्या मालकीचें असेल तर चालतें, असें मिश्नेंत म्हटलें आहे. म्हणून पुढें अशी वहिवाट पडली कीं, घरांतील खमीर सणाआधीं एखाद्या परधर्मीय शेजाऱ्याला रीतसर विकावें आणि सण संपल्यावर परत घ्यावें. माल जागचा हालत नाहीं, पण मालक बदलतो! वकिलांच्या धंद्याला शोभणारी ही युक्ति आहे खरी. परंतु धान्याचें कोठार भरलेल्या व्यापाऱ्यानें तरी दुसरें काय करावें?

दुसरा प्रश्न भांड्यांचा. धातूचीं भांडीं उकळत्या पाण्यानें शुद्ध होतात, पण मातीचें मडकें आंत रस पिऊन बसतें; त्याची शुद्धि नाहीं. तिसऱ्या शतकांत बाबिलोनियांत राव आणि शमुवेल असे दोन मोठे आचार्य होऊन गेले. राव म्हणे कीं खमीर शिजलेलीं मडकीं पेसाहच्या वेळीं फोडून टाकावीं. शमुवेल म्हणे, फोडण्याचें कारण नाहीं. बाजूला ठेवावीं आणि सणानंतर पुन्हां वापरावीं. हा वाद नुसत्या पोथींत राहिला नाहीं. लोक मडकीं फोडीत, आणि सण संपतांच प्रत्येक घराला नवीं मडकीं लागत; ही संधि साधून मडकीं विकणाऱ्यांनीं भाव चढविले. तेव्हां शमुवेलानें त्यांना बजाविलें कीं भाव सरळ करा, नाहीं तर फोडण्याची गरज नाहीं असा सवलतीचा निर्णय मी उघड सांगत सुटेन. ही हकीकत तालमुदांतच आहे. धर्मनिर्णयाच्या धाकानें बाजारभाव उतरविणारा हा आचार्य मला फार आवडतो. अक्षय्य तृतीयेच्या आधीं आमच्या अकोल्याच्या बाजारांत घागरीचे भाव ऐकिले म्हणजे त्याची हटकून आठवण होते.

राव आणि शमुवेल ह्यांच्या ह्या वादांत कोंकणांतील अनस कोणत्या बाजूची, हें सांगावयास नको. ती शमुवेलाच्या बाजूची. मडकें फुटलें नाहीं, झांकलें गेलें. आणि सणानंतर झांकण निघालें तेव्हां आंत जुनाच आंबटपणा जिवंत होता. ज्या घरांत खमीर खरोखर फेंकून दिलें जातें, तेथें सणानंतर पहिली अडचण हीच येते कीं पीठ फुगविण्यास विरजण कोठून आणावें? मोरोक्कोंतील यहुद्यांनीं ही अडचण फार सुंदर रीतीनें सोडविली होती. पेसाह उतरला त्या रात्रीं त्यांचे मुसलमान शेजारी त्यांना पीठ, लोणी, मध आणि खमीर आणून देत. त्याचे तव्यावर पातळ पोळे करून सारा मोहल्ला दारें उघडीं टाकून रात्रभर एकमेकांकडे जाई. ह्या रात्रीला मिमूना म्हणतात. तेथून यहुदी इस्रायलला गेले तेव्हां मिमूनाही बरोबर गेली आणि आतां तेथें ती सार्वजनिक उत्सवासारखी साजरी होते. निर्बंध सुटण्याचाच सण व्हावा, ह्यांत आपल्याला नवल वाटण्याचें कारण नाहीं. चातुर्मास लागण्यापूर्वीं आपण कांदेनवमी करितों, आणि चंपाषष्ठीला भरीत-रोडग्यांचा नैवेद्य दाखवून चार महिने वर्ज्य असलेलें वांगें पुन्हां पानांत घेतों.

अनशीची माहिती आपल्याला मिळते कोठून, हेंही पाहिलें पाहिजे. हाइम सामुएल केहीमकर हे ह्या समाजाचे मोठे इतिहासकार. १८७५ सालीं मुंबईंत समाजाची शाळा निघाली, तिचे ते एक प्रवर्तक. समाजाचा इतिहास त्यांनीं १८९७ मध्यें लिहून पुरा केला, पण तो छापला गेला १९३७ सालीं, तोही तेल अवीवला, त्यांच्या निधनानंतर. आपला समाज फार प्राचीन आहे, मक्काबी वीरांच्या काळाआधींच तो पॅलेस्टाइनांतून निघाला, हें सिद्ध करण्याची त्यांना उत्कंठा होती. आणि हनुक्का हा मक्काबींच्या विजयाचा सण कोंकणांत ठाऊक नव्हता, ह्या गोष्टीवर त्यांनीं पुष्कळ भर दिला आहे. हा युक्तिवाद चतुर आहे, परंतु त्यावरून इतका मोठा निष्कर्ष काढणें मला धाडसाचें वाटतें. विसरलेल्या गोष्टींवरून काळ ठरविणें कठीण. डेव्हिड राहबी नांवाच्या परक्या यहुद्यानें ह्या लोकांना ओळखिलें, अशी एक कथा आहे. त्यानें बायकांना निरनिराळे मासे शिजविण्यास दिले, तेव्हां त्यांनीं खवले आणि पर असलेले मासे तेवढे निवडले, बाकीचे आपण खात नाहीं म्हणून बाजूस सारले. हा राहबी इ. स. १००० च्या सुमारास आला असें परंपरा सांगते. अठराव्या शतकांतील कोचीनचा राहबी तो हाच, असें कांहीं संशोधक म्हणतात. सालाविषयीं कांहीं ठरो, कथेचा गाभा मात्र पाहण्यासारखा आहे. परीक्षा घेणाऱ्यानें पुरुषांना प्रार्थना विचारल्या नाहींत. त्यानें बायकांच्या हातीं मासे दिले.

एकोणिसाव्या शतकांत हें सारें पालटलें. मुंबईंत सामुएल दिवेकर ह्यांनीं १७९६ सालीं पहिलें प्रार्थनामंदिर बांधिलें होतेंच. त्यानंतर कोचीनहून शिक्षक आले, मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या, आणि जॉन विल्सन ह्यांनीं १८३२ मध्यें इब्रीचें व्याकरण मराठींतून लिहिलें. पेसाहच्या रात्रीं वाचावयाची जी पोथी, जिला हग्गादा म्हणतात, ती १८४६ सालीं मुंबईंत मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाली. १८७४ मध्यें पुण्यास दुसरी निघाली. ती तळकर आडनांवाच्या दोघां गृहस्थांनीं विठ्ठल सखाराम अग्निहोत्री ह्यांच्या छापखान्यांत छापविली. अग्निहोत्री ब्राह्मणाच्या छापखान्यांत यहुद्यांची पोथी! ह्या पुण्याच्या हग्गादांत बेखमीर भाकरी करण्याचीं चित्रें आहेत, आणि त्यांत मांडी घालून बसलेल्या बायका साड्या नेसलेल्या आहेत.

पोथी आली आणि सणाला त्याचें खरें नांव परत मिळालें. पेसाह हा शब्द घरांत रुळला, अनशी मागें पडली. पोथीच्या नियमाप्रमाणें घराचा झाडा घेणें आलें, सणाचीं भांडीं वेगळीं निघालीं. तथापि पोथीनें सांगितलेलें आणि कोंकणचें म्हणून जें होतें, त्यांची गांठही चांगली पडली. सणाआधीं घराला चुना द्यावयाचा आणि तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करावयाची, ही ह्या समाजाची जुनी चाल. कल्हईवाला भांडें विस्तवावर लाल होईपर्यंत तापवितो, नवसागर टाकितो आणि कथील फिरवितो. धातूचें भांडें अग्नींतून काढून शुद्ध करावें ही मोशेच्या ग्रंथांतील आज्ञा गल्लींतल्या भात्यापाशीं आपोआप पुरी होई. द्राक्षांची दारू दुर्मिळ, म्हणून भिजविलेल्या मनुकांचें सरबत करून त्यावर आशीर्वाद म्हणावयाचा. खजुराचा दाट पाक करावयाचा. हे प्रकार आजही कित्येक घरांतून चालतात. आणि ज्या वर्षीं मडक्याच्या झांकणाखेरीज सणाची दुसरी कांहींच खूण नव्हती, त्या वर्षींही कोणा तरी बाईनें दिवस मोजून तें झांकण घातलें असलें पाहिजे आणि दिवस मोजून तें काढिलें असलें पाहिजे. पंचांग लिहिणारा कोणी नसतां आठ दिवसांचा हा हिशेब कोणी ठेविला, ह्याचें उत्तर केहीमकरांच्या ग्रंथांतील थोर पुरुषांच्या यादींत मिळणार नाहीं.

१९४८ सालीं इस्रायल राष्ट्र स्थापन झालें, आणि पुढील दोन-तीन दशकांत ह्या समाजांतील बहुसंख्य कुटुंबें तिकडे गेलीं. मुंबई, ठाणें, पनवेल, अलिबाग ह्या भागांत आतां थोडीं हजार माणसें उरलीं आहेत. महाराष्ट्र शासनानें २०१६ मध्यें त्यांना अल्पसंख्याक समाज म्हणून मान्यता दिली. तिकडे दिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा ह्या गांवीं स्थायिक झालेल्यांचें 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिक निघालें. एक फरक मात्र त्यांच्या स्वयंपाकघरांत आपोआप पडला. इस्रायलच्या भूमीवर पेसाह सातच दिवसांचा. अलिबागला मागें राहिलेल्या बहिणीच्या घरीं आठवा दिवस चालू असतां दिमोनांतील बहिणीच्या घरीं सणाचीं भांडीं धुवून वरच्या फळीवर गेलेलीं असतात, आणि कणीक भिजवून ठेविलेली असते.